शुद्ध धातू म्हणजे किती शुद्ध?



धातू शुद्ध म्हणजे किती शुद्ध, हा प्रश्न सराफाला विचारला तर तो लगेच हिशेबाने उत्तर देईल. दागिन्याचे सोने बावीस कॅरटचे, म्हणजे हजारात ९१६ भाग सोने. चोख सोने म्हणजे हजारात ९९९ भाग. उरलेला एक भाग कशाचा, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. आज ज्या धातूविषयी मी बोलणार आहे, त्याच्या बाबतीत मात्र सारी चौकशी त्या उरलेल्या भागाचीच आहे. आणि तो भागही हजारातला एक नव्हे, लाखातला एक.

या धातूचे नाव निओबियम. कणवेगवर्धक म्हणून जी मोठाली यंत्रे असतात, त्यांपैकी अनेकांच्या पोटातल्या पोकळ्या निओबियमच्या पत्र्याच्या करतात. त्या कामी जे निओबियम घेतात, त्यात ऑक्सिजन वजनाने दहा लाखांत दहा भागांपेक्षा जास्त चालत नाही. शेतकऱ्याच्या मापात सांगायचे तर क्विंटलाला एक ग्रॅम. एक क्विंटल ज्वारीत तीसएक दाणे दुसऱ्या कशाचे निघाले, तर त्या पोत्याला तुम्ही निर्मळच म्हणाल. नायट्रोजन आणि कार्बन यांनाही हाच नियम. हायड्रोजनला तर क्विंटलामागे पाव ग्रॅमसुद्धा मुभा नाही. आणि गंमत अशी, की टँटॅलम नावाचा दुसरा एक धातू मात्र क्विंटलामागे पन्नास ग्रॅमपर्यंत खपवून घेतात. एकाला एका ग्रॅमची मनाई आणि दुसऱ्याला पन्नास ग्रॅमची मोकळीक, हा पंक्तिप्रपंच कशासाठी? तो समजून घ्यायचा, तर आधी त्या यंत्राची थोडी ओळख करून घेतली पाहिजे.

इलेक्ट्रॉनासारखा सूक्ष्म कण वेगाने पळवायचा तर त्याला विजेचा रेटा द्यावा लागतो. पण कोट्यवधी व्होल्टांचा रेटा एकाच दणक्यात देता येत नाही; मध्येच ठिणगी पडते आणि सारे फुकट जाते. म्हणून झोक्याची युक्ती करतात. नागपंचमीला झाडाला टांगलेल्या झोक्यावर मूल बसवले, की आपण एकदम सगळा जोर लावत नाही. झोका मागे आला की नेमक्या वेळी हलका धक्का देतो, आणि असे करता करता झोका उंच जातो. धातूच्या पोकळीत रेडिओच्या जातीचे तरंग सोडले, की तेही असेच आत झुलत राहतात व वाढत जातात. मग त्या झुलण्याच्या नेमक्या क्षणी इलेक्ट्रॉनांचा पुंजका आत शिरला, की त्याला पुढे रेटा मिळतो.

जर्मनीत हांबुर्ग येथे असे एक यंत्र जमिनीखाली बांधलेले आहे. त्याचे नाव युरोपियन एक्सएफईएल, एकूण लांबी ३.४ किलोमीटर, २०१७ साली ते संशोधकांसाठी खुले झाले. त्यातली एकेक पोकळी सुमारे मीटरभर लांब आणि नऊ फुगीर कप्प्यांची असते. आपल्या जुन्या घरांत गाडग्यांची उतरंड असते ना, ती आडवी केली आणि आतली बुडे काढून टाकली, तर जशी दिसेल तशी ही पोकळी दिसते. आतले तरंग सेकंदाला १३० कोटी वेळा झुलतात. एका पोकळीतून जाताना इलेक्ट्रॉनाला दोन कोटी व्होल्टांहून अधिक रेटा मिळतो. अशा सुमारे आठशे पोकळ्या या यंत्रासाठी घडवल्या गेल्या. सरतेशेवटी इलेक्ट्रॉनांची ऊर्जा १,७५० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टांपर्यंत जाते. मग त्यांना चुंबकांच्या रांगेतून नागमोडी नेले, की क्ष-किरणांचे अतिशय प्रखर आणि क्षणात संपणारे झोत निघतात.

कोणी म्हणेल, हे सगळे कशाला हवे? एक उदाहरण देतो. हिरवे पान उन्हात पाण्याचे विघटन करते आणि ऑक्सिजन बाहेर सोडते, हे आपण सातवी-आठवीच्या मुलांना शिकवतो. पण ते विघटन पायरीपायरीने कसे होते, त्या वेळी पानातल्या प्रथिनाचे अणू कसकसे हलतात, हे पाहायचे तर क्षणाच्याही अत्यल्प भागात चित्र टिपणारा उजेड हवा. अमेरिकेत व जपानात अशाच जातीच्या क्ष-किरणांनी हे काम झालेले आहे. जितके झोत जास्त, तितकी चित्रे जास्त. अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या यंत्रात आधी तांब्याच्या पोकळ्या होत्या. त्यांतून सेकंदाला १२० झोत मिळत. हांबुर्गच्या निओबियमच्या यंत्रातून सेकंदाला २७,००० पर्यंत मिळतात.

हा फरक कशाने पडतो? तांबे तरंगांची ऊर्जा खाते आणि तापते, म्हणून त्याला सारखी विश्रांती द्यावी लागते. निओबियम जवळजवळ खात नाही. पुन्हा झोक्याकडेच येऊ. समजा एक झोका तीन सेकंदांत एक हेलकावा घेतो. तांब्याच्या पोकळीइतकी त्याची गळती असती, तर सकाळी धक्का देऊन सोडलेला झोका संध्याकाळपर्यंत मूळच्या तिसऱ्या हिश्श्यावर आला असता. तेच निओबियमच्या पोकळीइतकी थोडी गळती असती, तर शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकाच्या साली, म्हणजे १६७४ मध्ये, दिलेला झोका पुन्हा कोणी हात न लावता आज मूळच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्याने झुलत असता! शिक्षकांनी हा हिशेब मुलांकडून अवश्य करून घ्यावा. पहिल्या झोक्याची शक्ती काही हजार हेलकाव्यांत ओसरते, दुसऱ्याची काही अब्ज हेलकाव्यांत.

निओबियमचा हा गुण म्हणजे अतिसंवाहकता. १९११ साली हॉलंडमधील लायडन येथे हाइके कामरलिंग ओनेस यांच्या प्रयोगशाळेत ही गोष्ट प्रथम आढळली. पारा उणे २६९ अंश सेल्सियसच्या आसपास थंड केला, तर त्याचा विद्युत् रोध एकाएकी नाहीसा झाला. ओनेस यांनी सोने-प्लॅटिनम सोडून पाराच का घेतला असेल? कारण पारा उकळून, त्याची वाफ थंड करून, पुन्हा उकळून, असा कितीही वेळा शुद्ध करता येतो. म्हणजे या शास्त्राच्या जन्मालाच शुद्धतेचा आग्रह कारणीभूत झाला. निओबियम उणे २६४ अंशांच्या सुमारास अतिसंवाहक होते. साध्या दाबाखाली कोणतेही दुसरे मूलद्रव्य इतक्या 'उबदार' तपमानाला अतिसंवाहक होत नाही. उणे २६४ ला उबदार म्हणायचे म्हणजे जरा धाडसच आहे, पण या क्षेत्रातली माणसे तसेच बोलतात.

आता एक मेख. अतिसंवाहकाचा रोध शून्य असतो, असे आपण पुस्तकात वाचतो. ते खरे आहे, पण एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहापुरते. सेकंदाला १३० कोटी वेळा झुलणाऱ्या तरंगांपुढे थोडा रोध शिल्लक राहतोच. अतिसंवाहकातले इलेक्ट्रॉन जोडीजोडीने चालतात, पण काही सुटे राहिलेले असतात. ते तरंगांबरोबर हेलपाटतात आणि उष्णता निर्माण करतात. धातू अधिक थंड केला तर सुट्यांची संख्या घटते. म्हणून हांबुर्गला पोकळ्या द्रवरूप हीलियममध्ये बुडवून उणे २७१ अंशांवर ठेवतात. तेथे निओबियमचा रोध तांब्याच्या दहा लाखांश भागाइतका उरतो. पण उणे २७१ वरची उष्णता वर खेचणे म्हणजे अतिशय खोल विहिरीतून पाणी शेंदणे आहे. तिथली एक वॅट उष्णता काढायला बाहेरच्या शीतयंत्राला सातशे वॅटांच्या वर वीज लागते. तेव्हा खाली वाढलेली एकेक वॅट इथे विजेच्या बिलात दिसते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. हे तरंग धातूत फार खोल शिरत नाहीत. आतल्या पृष्ठभागाचा जेमतेम चाळीस नॅनोमीटरांचा थर त्यांना दिसतो. पोकळीची भिंत असते २.८ मिलिमीटर जाड, म्हणजे त्या थराच्या सत्तर हजारपट. मग नुसता वरचा थर शुद्ध ठेवला की झाले. बाकीच्या जाडीची एवढी उठाठेव कशाला? एकादा चौकस विद्यार्थी हे हमखास विचारतो, आणि त्याला शाबासकी दिली पाहिजे.

उत्तर असे, की बाकीची जाडी विजेसाठी नव्हे, उष्णतेसाठी शुद्ध हवी. आत निर्माण झालेली उष्णता भिंतीतून पार होऊन बाहेरच्या हीलियमपर्यंत पोचली पाहिजे. पण ज्या इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जमल्या, त्या उष्णता वाहण्याच्या कामातून बाद होतात. वीज अडखळत नाही, पण उष्णता अडखळते. अतिसंवाहक निओबियम हा उष्णतेच्या दृष्टीने एक दरिद्री धातू आहे. उष्णता वाहण्याचे काम उरल्यासुरल्या सुट्या इलेक्ट्रॉनांवर आणि अणूंच्या कंपनांवर पडते. त्या सुट्या इलेक्ट्रॉनांच्या वाटेत अशुद्धतेचे धोंडे नसावेत, यासाठी सगळी धडपड.

आता समजा, आतल्या पृष्ठभागावर एका ठिकाणी परक्या धातूचा बारीक कण रुतलेला आहे. तो अतिसंवाहक नाही, म्हणून तापतो. भोवतालचे निओबियम शुद्ध असेल तर ती ऊब झटकन पसरून हीलियममध्ये जाते आणि काही बिघडत नाही. तेच ते अशुद्ध असेल तर ऊब जागीच कोंडते, शेजारचे निओबियम उणे २६४ च्या वर तापते, त्याची अतिसंवाहकता जाते, मग तेही तापू लागते. गवताच्या गंजीत पडलेल्या ठिणगीसारखी ही गत होते. क्षणार्धात पोकळीतली सारी साठवलेली ऊर्जा उष्णतेत जाते आणि तरंग बंद पडतात. बंद पडले म्हणजे पोकळी जळाली असे नव्हे. पुन्हा थंड होते, पुन्हा चालते. पण त्या मर्यादेच्या वर तिला नेता येत नाही.

शुद्धता मोजायची कशी? क्विंटलातला एक ग्रॅम रसायनशाळेत दर वेळी शोधत बसणे जिकिरीचे आहे. त्यासाठी एक सुंदर युक्ती आहे. धातूचा विद्युत् रोध दोन कारणांनी होतो. एक, अणू उष्णतेने थरथरतात आणि इलेक्ट्रॉन त्यांना धडकतात. दुसरे, अशुद्धता व स्फटिकातले दोष. जत्रेच्या दिवशी गावाच्या रस्त्याने चालताना माणसांचेच धक्के इतके बसतात, की रस्त्यातले खाचखळगे जाणवत नाहीत. मध्यरात्री गर्दी पांगली, की मग प्रत्येक खळगा पायाला लागतो. धातू थंड करणे म्हणजे गर्दी पांगवणे. खोलीच्या तपमानाचा रोध आणि अतिसंवाहक होण्याच्या किंचित आधीचा रोध यांचे गुणोत्तर काढले, की शुद्धता कळते. बाजारी निओबियममध्ये हे गुणोत्तर तीस-चाळीस भरते. हांबुर्गच्या पोकळ्यांसाठी ते निदान तीनशे हवे, अशी अट होती. गुणोत्तर दसपट म्हणजे अतिशीत अवस्थेतली उष्णतेची वहनशक्तीही सुमारे दसपट.

यातला पहिला अर्धा भाग शाळेतही दाखवता येईल. जुना साठ वॅटांचा तारेचा दिवा मिळाला, तर तो सॉकेटमधून काढून, पूर्ण थंड झाल्यावर, मल्टिमीटरने त्याचा रोध मोजा. मग वॅट आणि व्होल्ट यांवरून पेटलेल्या दिव्याचा रोध काढा. २३० व्होल्टांना तो सुमारे ८८० ओहम येतो. थंड दिव्याचा रोध त्याच्या एक दशांशाहून कमी भरेल. तार तीच, फक्त अणूंची थरथर कमी झाली. सॉकेटात असताना मात्र मोजायला जाऊ नका.

आता पंक्तिप्रपंचाकडे वळू. पंगतीत पाट मांडलेले आहेत. एका पाटावर ठरलेल्या पाहुण्याऐवजी त्याच अंगलटीचा दुसरा कोणी बसला, तर वाढप्याला काही अडचण येत नाही. पण दोन पाटांच्या मध्ये कोणी घुसून बसले, तर दोन्ही बाजूंची माणसे सरकतात, पाने हलतात आणि वाढप्याची वाट अडते. टँटॅलमचा अणू आकाराने जवळजवळ निओबियमएवढाच आहे. तो निओबियमच्या जागी, त्याच्याच पाटावर बसतो. ऑक्सिजन, नायट्रोजन, कार्बन, हायड्रोजन यांचे अणू लहान. ते दोन अणूंच्या मधल्या फटीत घुसतात आणि शेजाऱ्यांना ढकलतात. म्हणून एकाच्या पन्नास ग्रॅमचा उपद्रव दुसऱ्याच्या एका ग्रॅमपेक्षा कमी.

या दोन धातूंची जवळीक जुनीच आहे. चार्ल्स हॅचेट या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाला हे मूलद्रव्य १८०१ साली सापडले व त्याने त्याला कोलंबियम नाव दिले. पुढच्याच वर्षी टँटॅलमचा शोध लागला, आणि मग कित्येक वर्षे हे दोन्ही एकच आहेत असे समजले जात होते. १८४४ साली जर्मनीत हाइन्रिख रोझ यांनी ते वेगळे असल्याचे दाखवून नवे नाव दिले. ग्रीक पुराणात टँटॅलस राजाची मुलगी निओबी, म्हणून टँटॅलमच्या खनिजात सापडणारे ते निओबियम.

शुद्ध करण्याची रीतही या नात्यामुळे दुहेरी झाली आहे. निओबियम वितळते २,४७७ अंश सेल्सियसला. निर्वात भट्टीत इलेक्ट्रॉनांचा झोत सोडून त्याची कांडी वितळवतात. थेंब थेंब खाली पाण्याने थंड ठेवलेल्या तांब्याच्या साच्यात पडतात. वितळताना विरघळलेले वायू आणि लवकर उडणारे धातू निघून जातात आणि निर्वात पंप त्यांना ओढून घेतो. असे एकदा करून भागत नाही. तोच ठोकळा पुन्हा पुन्हा, चार-पाच वेळा, वितळवावा लागतो. टँटॅलम मात्र या भट्टीला दाद देत नाही, कारण ते निओबियमहूनही उशिरा वितळते व उशिरा उडते. त्याला आधीच, रसायनांच्या साहाय्याने, वेगळे काढावे लागते. इलेक्ट्रॉनांनी शुद्ध केलेल्या धातूची पोकळी शेवटी इलेक्ट्रॉनांनाच पळवते, हा योगायोग मला मोठा मौजेचा वाटतो. पुढे अर्ध्या वाट्या एकमेकींना जोडतात, तेही निर्वातात, इलेक्ट्रॉनांच्याच झोताने; उघड्या हवेत जोडले तर तापलेले निओबियम अधाशासारखा ऑक्सिजन पिते आणि भट्टीतले सगळे कष्ट वाया जातात.

एवढे झाल्यावर वाटेल की टँटॅलमची काळजी मिटली. पण १९९० नंतरच्या दशकात हांबुर्गच्या 'डेसी' या प्रयोगशाळेत पोकळ्यांच्या चाचण्या चालल्या असताना एक पोकळी काही केल्या अपेक्षेइतकी चढेना. तिच्या बाहेरून ठिकठिकाणी तापमापक लावून पाहिले, तेव्हा एका विवक्षित जागी ती तापते असे दिसले. तेवढा तुकडा तपासला, क्ष-किरणांनी पाहिला. आत टँटॅलमचा एक कण निघाला, मिलिमीटरच्या पाव भागाच्या आसपास. सबंध पत्र्यातले टँटॅलम नियमात असेल, नसेल. पण जे अणू पंगतीत विखरून बसले असते तर कोणाला कळलेही नसते, ते येथे घोळका करून एकाच जागी बसले होते. उणे २७१ अंशांवर टँटॅलमही अतिसंवाहकच असते, पण पोकळीतल्या जोरदार चुंबकीय क्षेत्रापुढे त्याची अतिसंवाहकता टिकत नाही, आणि मग तो कण साध्या धातूसारखा तापतो. नुसत्या वजनाच्या हिशेबाने हा दोष कधीच सापडला नसता. अमुक अशुद्धता किती, एवढे विचारून भागत नाही. ती कोठे व कशी बसली आहे, हेही विचारावे लागते.

यावर उपाय काढला तो असा. पत्र्याची प्रत्येक चकती, वाटीचा आकार देण्याआधीच, एका फिरत्या तबकडीवर ठेवतात. तिच्यावरून एक शोधक, ग्रामोफोनच्या सुईसारखा पण धातूला न टेकता, सरकत जातो. तो धातूत बारीक आवर्त प्रवाह निर्माण करतो, आणि जेथे परका कण किंवा खड्डा असेल तेथे हे प्रवाह बदलतात. एका पोकळीत नऊ कप्पे, प्रत्येकास दोन वाट्या, म्हणजे अठरा चकत्या. आठशे पोकळ्यांच्या हिशेबाने चौदा हजारांवर चकत्या अशा रीतीने पारखायच्या. धान्य निवडायला बसलेल्या बायकांचे जे काम, तेच हे.

हायड्रोजनची कथा आणखी वेगळी. तो भट्टीत निघून जातो, पण नंतर मागच्या दाराने परत येतो. वाट्या दाबून घडवताना आतला पृष्ठभाग दुखावतो, म्हणून त्याचा मिलिमीटरचा सुमारे दहावा भाग आम्लाने खरवडून काढावा लागतो. हे आम्ल हायड्रोफ्लुओरिक असते, कातडीला लागले तर हाडापर्यंत पोचणारे, तेव्हा ते काम जपून करावे लागते. या धुण्यातच हायड्रोजन निओबियममध्ये शिरतो. १९९० च्या सुमारास कित्येक प्रयोगशाळांना एक चमत्कारिक अनुभव येऊ लागला. तीच पोकळी झरझर थंड केली तर उत्तम चाले. उणे १२० ते उणे २०० अंशांच्या दरम्यान रेंगाळत थंड केली, की ऊर्जा खाऊ लागे. झाले होते असे, की त्या तपमानांत हायड्रोजनचे अणू एकत्र जमून निओबियमशी संयोग पावत व हायड्राइडची बेटे तयार होत. वेळ मिळाला नाही तर जमू शकत नसत. आता आम्ल पंधरा अंशांच्या खाली थंड ठेवतात, आणि धुतल्यावर पोकळी निर्वात भट्टीत ८०० अंशांवर काही तास तापवून हायड्रोजन हाकलून देतात.

आणि धूळ! धूळ ही धातूची अशुद्धता नव्हे, पण पोकळीला तो भेद कळत नाही. आत धुळीचा एक कण राहिला, तर त्याच्या टोकावरून इलेक्ट्रॉन उडू लागतात आणि तरंगांची ऊर्जा खातात. म्हणून शेवटी हवेच्या दाबाच्या शंभरपट दाबाने अतिशुद्ध पाण्याच्या पिचकाऱ्या मारून पोकळी धुतात, आणि ज्या खोलीत ती जोडतात तेथील हवेच्या घनफुटात अर्ध्या मायक्रॉनचे किंवा त्याहून मोठे कण दहापेक्षा जास्त नसावेत, असा दंडक आहे.

मग शुद्धता वाढवीतच का जाऊ नये? हाही प्रयत्न झाला. पोकळी टिटॅनियमच्या सान्निध्यात चौदाशे अंशांपर्यंत तापवली, की टिटॅनियम ऑक्सिजन शोषून घेते आणि ते गुणोत्तर तीनशेचे सहाशेच्या घरात जाते. पण इतक्या तापण्याने धातू मऊ पडतो, पोकळीचा आकार बिघडण्याचे भय राहते, आणि खर्च वाढतो. पुढे पत्राच चांगला मिळू लागला, आणि पृष्ठभाग घासण्या-धुण्याच्या रीती सुधारल्या. युरोपियन एक्सएफईएलच्या पोकळ्यांसाठी हा संस्कार सोडून दिला. तीनशे पुरे, असे ठरले, आणि माझ्या मते ते शहाणपणाचे ठरले.

काही ठिकाणी तर जाड शुद्ध निओबियमची गरजच टाळली आहे. जिनिव्हाजवळच्या २७ किलोमीटर परिघाच्या यंत्रात, लार्ज हॅड्रॉन कोलायडरमध्ये, सोळा पोकळ्या आहेत. त्या तांब्याच्या असून आतून निओबियमचा पातळ थर दिलेला आहे. वीज सांभाळायला निओबियम, उष्णता वाहायला तांबे. याच तत्त्वावर आपल्या मुंबईत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या सहकार्याने जो वेगवर्धक उभारला, त्यात अठ्ठावीस पोकळ्या तांब्याच्या असून त्यांवर शिशाचा मुलामा आहे. शिसे उणे २६६ अंशांना अतिसंवाहक होते. २००७ साली हा वेगवर्धक पूर्ण झाला. तेथे कमी कंप्रतेच्या तरंगांनी जड आयनांना पळवायचे होते, आणि त्या कामाला साधे शिसे पुरते. दिल्लीच्या आंतरविद्यापीठ वेगवर्धक केंद्राने आणि इंदूरच्या राजा रामण्णा केंद्राने मात्र निओबियमच्या पोकळ्या घडवण्याचे कसब हस्तगत केले आहे.

शेवटी एक गोष्ट सांगायची राहिली. ज्या नायट्रोजनला क्विंटलामागे एका ग्रॅमची मर्यादा घातली, त्यालाच पुढे आदराने आत बोलावण्याची वेळ आली. अमेरिकेतल्या फर्मी प्रयोगशाळेत ॲना ग्रासेलिनो आणि त्यांचे सहकारी निओबियमवर नायट्राइडचा थर देऊ पाहत होते. तो थर उपयोगी ठरला नाही. पण वरचे काही मायक्रॉन घासून काढल्यावर खाली जो किंचित नायट्रोजन मुरलेला भाग उरला, त्याने पोकळीची गळती पूर्वीपेक्षा पुष्कळच कमी झाली. २०१३ साली हे प्रसिद्ध झाले. आता ही कृती ठरून गेली आहे: आधी शुद्धात शुद्ध निओबियमची पोकळी घ्यायची, ८०० अंशांवर तिला काही मिनिटे थोडा नायट्रोजन द्यायचा, आणि वरचे सुमारे पाच मायक्रॉन काढून टाकायचे. भिंतीची सारी जाडी पूर्वीइतकीच शुद्ध, कारण तिला उष्णता वाहायची आहे; नायट्रोजन फक्त आतल्या कातडीपुरता.

स्टॅनफर्ड येथील नव्या यंत्रात अशाच पोकळ्या बसवल्या. त्यातून पहिले क्ष-किरण २०२३ च्या सप्टेंबरात निघाले, आणि सेकंदाला दहा लाखांपर्यंत झोत देण्याची त्याची आखणी आहे. मात्र नायट्रोजन मुरवलेल्या पोकळीची अतिसंवाहकता कमी रेट्यालाच मोडते, आणि बाहेरच्या चुंबकीय क्षेत्राचा तिला जास्त उपसर्ग होतो. म्हणून मीटरमागे दीड-दोन कोटी व्होल्टांवर अखंड चालायचे असेल तर या पोकळ्या, आणि तीन कोटी किंवा त्याहून अधिक चढायचे असेल तर बिननायट्रोजनच्या, अशी सध्या वाटणी आहे.